स्ट्रॅटेजी गेममध्ये मध्ययुगीन चमत्कार, शकुन आणि तीर्थयात्रा कशा मांडाव्यात

मध्ययुगावर बेतलेल्या स्ट्रॅटेजी गेममध्ये धर्म बहुधा दोनच प्रकारे येतो. काही गेममध्ये चमत्कार म्हणजे आकड्यांत मिळणारे बळ असते. पवित्र अवशेष (संताच्या अस्थी किंवा वस्तू) हाती आला की सैन्याचे मनोबल दहाने वाढते आणि तो गमावला की दहाने उतरते. इतर गेममध्ये प्रत्येक चमत्कारामागे एक लबाड धर्मगुरू आणि काही भोळे गावकरी उभे केलेले असतात. पहिल्या पद्धतीत इतिहासाची जादूची गोष्ट होते, तर दुसरीत त्या काळच्या माणसांचे म्हणणे ऐकूनच घेतले जात नाही. येथे वेगळी पद्धत सुचवली आहे आणि तिचा मुख्य नियम असा, की चमत्कार खरोखर घडला की नाही याचा निवाडा गेमच्या इंजिनाने, म्हणजे गेमचे नियम चालवणाऱ्या प्रणालीने, करू नये. तो घडल्याचे कोणी सांगितले, कोणाला पटले, कोणी लिहून ठेवले, कोणी त्यावर बंदी घातली आणि त्यापायी कोणाचा किती पैसा व वेळ गेला, एवढेच इंजिनाने मोजावे.

हा नियम प्रत्यक्षात आणण्यासाठी सर्वप्रथम प्रदेश आणि काळ नक्की करावा, कारण ‘मध्ययुगीन श्रद्धा’ या नावाखाली हजार वर्षांचा ऐवज एकत्र केला की कशालाच आकार राहत नाही. पुढील विवेचनासाठी मुख्यतः ११७० ते १३२० या काळातील इंग्लंड घेतले आहे. येथील संतांच्या कबरींवर घडल्याचे सांगितलेल्या चमत्कारांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत आणि त्यांतून गेमसाठी लागणारी यंत्रणा जवळजवळ तयारच मिळते.

साक्ष हा पाया

२९ डिसेंबर ११७० च्या संध्याकाळी राजा दुसरा हेन्री याच्या चार नाइटांनी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट यांची हत्या केली. जमलेल्या लोकांनी त्यांच्या रक्तात कापडाचे तुकडे भिजवून घरी नेले आणि लवकरच त्या रक्ताचा अंश मिसळलेले पाणी तीर्थ म्हणून आजाऱ्यांना पाजले जाऊ लागले. एप्रिल ११७१ मध्ये तळघरातील कबर लोकांसाठी खुली झाली. तेथे येणाऱ्यांचे अनुभव मठातील बेनेडिक्ट आणि विल्यम या दोन भिक्षूंनी लिहून काढले आणि दोघांच्या संग्रहांत मिळून सातशेच्या आसपास कथा जमल्या. २१ फेब्रुवारी ११७३ रोजी पोप तिसरा अलेक्झांडर याने बेकेट यांना संत म्हणून घोषित केले.

या घटनाक्रमात गेमसाठी लागणारी संपूर्ण साखळी आहे: संकट, नवस, सुटका, लोकांना सांगणे, मठातील नोंद आणि शेवटी वरच्या धर्मसत्तेची मान्यता. गेममध्ये प्रत्येक कडीला स्वतंत्र अस्तित्व द्यावे, प्रत्येकीला वेळ लागावा आणि कोणतीही कडी तुटू शकावी. सुटका झाली पण माणूस कबरीपर्यंत पोहोचलाच नाही, तो पोहोचला पण भिक्षूला त्याची साक्ष पटली नाही, नोंद झाली पण रोमने प्रकरण वर्षानुवर्षे टांगून ठेवले, असे सर्व शेवट शक्य असले पाहिजेत.

येथे एक तांत्रिक पथ्य कटाक्षाने पाळावे. चमत्कारासाठी वेगळा फासा टाकू नये. आजाराची, दुष्काळाची आणि लढाईची जी यंत्रणा गेममध्ये आधीच आहे तिच्यातूनच माणूस बरा व्हावा किंवा मरावा. तो बरा झाला आणि त्याआधी नवस बोलला गेला असेल तरच साखळीची पुढची कडी उघडावी. जे बरे झाले नाहीत त्यांची मठात नोंद होत नाही, त्यामुळे तीर्थस्थानाच्या वहीत यशाच्याच कथा साठत जातात. खेळाडूच्या स्वतःच्या घराण्यात मात्र नवस बोलूनही दगावलेले मूल असू शकते. वहीत दिसणारे जग आणि घरात भोगलेले जग यांतील हे अंतर खेळाडूला कोणी समजावून सांगावे लागत नाही, ते त्याच्या समोरच असते.

साक्ष किती जिवंत करता येते याचे सर्वोत्तम उदाहरण वेल्समधील आहे. १२९० मध्ये विल्यम क्रॅग नावाच्या बंडखोराला स्वॉन्झी येथे लॉर्ड विल्यम डी ब्रिऊझ याच्या हुकुमाने फाशी देण्यात आली. लॉर्डची पत्नी मेरी हिने हेरफर्डचे दिवंगत बिशप थॉमस कँटिलूप यांना साकडे घातले आणि मृत समजून उतरवलेल्या क्रॅगचे शरीर दोऱ्याने मोजण्यात आले. माणसाच्या उंचीइतका दोरा घ्यायचा, तो वातीसारखा वापरून मेणबत्ती करायची आणि ती संताच्या कबरीवर लावायची, अशी ती रीत होती. क्रॅग हळूहळू शुद्धीवर आला आणि पुढे फाशीचा दोर गळ्यात घालून लॉर्ड-लेडींसह हेरफर्डला गेला. १३०७ मध्ये पोपने नेमलेल्या आयोगापुढे लेडी मेरी, तिचा सावत्र मुलगा, शहरातील सामान्य माणसे आणि स्वतः क्रॅग यांच्या साक्षी झाल्या. त्या सगळ्या तपशिलांत जुळत नाहीत. आयोगाने प्रत्येकाला हे तुला कसे माहीत, तू स्वतः पाहिलेस का, तेव्हा आणखी कोण हजर होते, असे बारकाईने विचारले. मध्ययुगात कोणीही काहीही सांगावे आणि सर्वांनी ते मानावे, ही समजूत दूर करण्यास एवढे एकच प्रकरण पुरेसे आहे.

गेममध्ये हे आणण्याचा मार्ग सोपा आहे. मोठ्या चमत्काराची बातमी देणारा इव्हेंट (खेळाडूसमोर येणारी घटना व तिचा मजकूर) एकाच निवेदकाच्या आवाजात लिहू नये. ‘संताच्या कृपेने मृत मनुष्य जिवंत झाला, ख्याती पाचने वाढली’ असा मजकूर इंजिनाचा निवाडा ठरतो. त्याऐवजी तीन लहान साक्षी द्याव्यात. जल्लाद म्हणतो, ‘मी उतरवले तेव्हा त्याचे डोळे बाहेर आले होते आणि श्वास नव्हता.’ दासी म्हणते, ‘बाईसाहेबांनी दोरा मागवला आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने त्याने पाय हलवला.’ कारभारी म्हणतो, ‘मी तेव्हा वाड्यात होतो, मला हे दुसऱ्या दिवशी समजले.’ त्यानंतर खेळाडूने ठरवावे की हे प्रकरण बिशपकडे पाठवायचे, गप्प बसायचे, की कैद्याला पुन्हा फासावर चढवायचे. प्रत्येक पर्यायाचे परिणाम माणसांच्या प्रतिक्रियेतून यावेत.

नवसाची वसुली

संत आणि भक्त यांच्यातील व्यवहार बहुतेक गेम विसरतात, आणि खरे तर स्ट्रॅटेजी गेमला सर्वांत मानवणारा भाग तोच आहे. नवस हे कर्ज आहे आणि कर्जाला मुदत असते. मराठी वाचकाला नवस बोलणे आणि नवस फेडणे यांतील ताण समजावून सांगण्याची गरज नाही; बाराव्या शतकातील यॉर्कशरमध्येही तो तितकाच खरा होता.

जॉर्डन फिट्झ-आयझल्फ हा पाँटिफ्रॅक्टकडचा नाइट होता. त्याच्या घरात रोगाची साथ शिरली, आधी दाई गेली आणि मग दहा वर्षांचा मुलगा विल्यम गेला. त्याच वेळी कँटरबरीहून परतणारे यात्रेकरू तेथे आले होते. त्यांच्याजवळचे तीर्थ बापाने मुलाच्या तोंडात घातले, मूल हलले, आणि आईबापांनी लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळाच्या) मध्यापर्यंत कँटरबरीला जाऊन दान देण्याचा नवस बोलला. पण आपल्या सरदाराबरोबर निघू म्हणून ते थांबून राहिले आणि मुदत टळली. जवळपास राहणाऱ्या एका कुष्ठरोग्याला संताने दृष्टांत देऊन इशारा पोहोचवायला सांगितले. तरीही दिरंगाई झाली आणि थोरला मुलगा मरण पावला. त्यानंतर मात्र सारे कुटुंब कँटरबरीला गेले. ही संपूर्ण कथा कॅथेड्रलच्या ट्रिनिटी चॅपेलमधील रंगीत काचेच्या खिडकीवर चित्रित आहे.

यावरून नवसाची यंत्रणा अशी बांधावी. आजारपणाच्या किंवा वेढ्याच्या क्षणी खेळाडूला नवस बोलण्याची मुभा द्यावी आणि त्या क्षणी त्याला काहीही खर्च पडू नये, कारण संकटात माणूस मोकळ्या हाताने बोलतो. नवसात संत, दानाचे स्वरूप आणि मुदत नोंदवली जावी. दानाची रूपे ठोस ठेवावीत: शरीराच्या लांबीची मेणबत्ती, मेणाचा हात किंवा पाय, संताच्या नावाने वाकवून बाजूला ठेवलेले नाणे, शेताचा तुकडा. मुदत जवळ आली की नेमकी शिबंदी हलवण्याची किंवा वारस सांभाळण्याची निकड उभी राहावी. नवस चुकला तर इंजिनाने शिक्षा म्हणून कोणालाही मारू नये. पण त्यानंतर घरात जे काही वाईट घडेल, त्याचा संबंध घरातील माणसांनी, पुरोहितांनी आणि शत्रूंनी त्या चुकलेल्या नवसाशी जोडावा. राणी बोलून दाखवील, शेजारचा सरदार त्याचे भांडवल करील आणि खेळाडूची प्रतिष्ठा त्या बोलण्यामुळे उतरेल.

दोन घटनांमधला दुवा

हीच रीत राजकारणाला लावली की फार समृद्ध परिणाम मिळतात. १२ जुलै ११७४ रोजी दुसऱ्या हेन्रीने कँटरबरीत अनवाणी जाऊन बेकेट यांच्या कबरीपुढे भिक्षूंच्या हातून फटके खाल्ले. त्याच्या मुलांनी बंड केले होते आणि उत्तरेकडून स्कॉटलंडचा राजा विल्यम चालून आला होता. १३ जुलै रोजी सकाळी अ‍ॅनिक येथे विल्यम पकडला गेला. बातमी काही दिवसांनी लंडनला पोहोचली आणि समकालीनांनी दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या: संताने राजाला क्षमा केली.

गेममध्ये या दोन घटना एकमेकींपासून पूर्णतः स्वतंत्र असाव्यात. प्रायश्चित्ताने लढाईचा निकाल बदलू नये. मात्र ठराविक काळात एक मोठी धार्मिक कृती आणि एक मोठा विजय किंवा पराभव जवळजवळ आले, तर अर्थ लावणारा तिसरा इव्हेंट उघडावा, आणि तो बातमी पोहोचण्यास लागणाऱ्या दिवसांनंतरच उघडावा. अर्थ कोण लावतो यालाही महत्त्व आहे. पकडला गेलेला विल्यम संताचा शत्रू म्हणून राहिला नाही; त्याने ११७८ मध्ये आर्ब्रोथ येथे त्याच बेकेट यांच्या नावाने मठ स्थापन केला. एकच संत दोन्ही बाजूंचा असू शकतो, हे ज्या गेममध्ये शक्य नाही तेथे धर्म हा केवळ झेंड्याचा रंग होऊन बसतो.

पराभूतांचे संत हा आणखी एक विषय. ४ ऑगस्ट १२६५ रोजी ईव्हशॅमच्या लढाईत बंडखोरांचा नेता सायमन डी माँटफर्ट मारला गेला, त्याच्या प्रेताची विटंबना झाली आणि लवकरच त्याच्या कबरीवर लोक बरे होऊ लागल्याच्या कथा पसरल्या. १२६६ मध्ये केनिलवर्थ येथे राजपक्षाने जाहीर केलेल्या तहनाम्यात त्याला संत म्हणण्यास आणि त्याचे चमत्कार सांगण्यास स्पष्ट मनाई केली. बंडखोराला ठार मारण्याचा पर्याय देताना गेमने ही शक्यता जिवंत ठेवावी. कबरीवर पहारा बसवावा, प्रेत हलवावे, बंदी घालावी, की दुर्लक्ष करावे, हे खेळाडूने ठरवावे. बंदीमुळे नोंदी थांबतील, पण यात्रेकरू लगेच थांबणार नाहीत.

अवशेषांच्या बाबतीत श्रद्धा आणि शंका एकत्र वाढवाव्यात. पहिल्या धर्मयुद्धात १४ जून १०९८ रोजी पीटर बार्थोलोम्यू याच्या दृष्टांतावरून अँटिओकच्या चर्चमध्ये खोदकाम करून येशूच्या कुशीत खुपसलेला मानला जाणारा पवित्र भाला सापडल्याचे जाहीर झाले आणि २८ जूनला उपाशी, वेढलेल्या ख्रिस्ती सैन्याने बाहेर पडून विजय मिळवला. पोपचा प्रतिनिधी बिशप अ‍ॅडेमार याला मात्र प्रथमपासून शंका होती. पुढच्या वर्षी ८ एप्रिलला पीटरने अग्निदिव्य केले आणि काही दिवसांतच तो मरण पावला. विरोधक म्हणाले, तो भाजून मेला. समर्थक म्हणाले, आगीतून तो सुखरूप आला होता, गर्दीने त्याला तुडवले. म्हणून अवशेषाच्या मनोबलाबरोबर वादाचाही आकडा ठेवावा आणि नेत्यांमधील वैर वाढले की तो वर सरकावा.

रस्ता, पेटी आणि ऋतू

यात्रा म्हणजे नकाशावरील एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत उडी नव्हे. लंडन ते कँटरबरी हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे आणि पायी तीन-चार दिवसांचे आहे. फ्रान्समधील ल पुई येथून स्पेनमधील सांतियागो या तीर्थस्थानी जाणाऱ्याला सुमारे दीड हजार किलोमीटर चालावे लागते. सरदार बाहेर असताना त्याची जमीन कोण सांभाळतो, वाटेत त्याचे काय होते आणि परतल्यावर त्याची जागा तशीच आहे का, हे प्रश्न अंतराबरोबर मोठे व्हावेत. कँटरबरीला सणाचे दोन दिवस होते. २९ डिसेंबर हा हत्येचा दिवस कडाक्याच्या थंडीत येई. ७ जुलै १२२० रोजी अवशेष नव्या समाधीत हलवले गेले आणि तेव्हापासून उन्हाळ्यातील ७ जुलैचा सण यात्रेकरूंना सोयीचा ठरला. सणाची तारीख बदलणे हासुद्धा गेममधील निर्णय असू शकतो.

ऑगस्ट ११७९ मध्ये फ्रान्सचा राजा सातवा लुई आजारी मुलासाठी कँटरबरीला आला, म्हणजे नुकत्याच शत्रू असलेल्या राजाच्या राज्यात आला. अशी यात्रा ही मुत्सद्देगिरीही असते आणि तिला संरक्षणाची हमी लागते. मुलगा फिलिप बरा होऊन त्याच वर्षी राज्याभिषिक्त झाला; लुई स्वतः मात्र पक्षाघाताने खचला आणि ११८० मध्ये वारला. हे दोन्ही शेवट एकाच इव्हेंटच्या पोटात असू द्यावेत.

तीर्थस्थानाचे उत्पन्न दानपेटीतून, तीर्थाच्या शिसे-कथिलाच्या कुप्यांतून आणि वाटेवरील खाणावळींतून येते. पण ते कायमचे नसते. पहिल्या काही वर्षांत ख्याती झपाट्याने वर जावी आणि नवे काही घडले नाही तर ओसरावी. ५ सप्टेंबर ११७४ रोजी कँटरबरीचा गायनकक्ष जळाला आणि त्यातून झालेल्या भव्य पुनर्बांधणीने त्या स्थानाला नवा जोम दिला. बांधकाम, अवशेषांचे स्थलांतर आणि नवा संत ही ख्याती सावरण्याची मुख्य साधने ठेवावीत.

ज्यांना हीच रचना यादवकालीन दख्खनला लावायची आहे, त्यांनी सुरुवात पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखापासून करावी. शके ११९५ ते ११९९ या काळातील विठ्ठल मंदिराच्या देणग्या त्यात कोरल्या आहेत आणि देणाऱ्यांमध्ये रामदेवराय व हेमाद्रीही आहेत. मात्र दख्खनमध्ये रोमसारखी संतत्व बहाल करणारी एक केंद्रीय सत्ता नव्हती. म्हणून साखळीतील शेवटची कडी काढून तेथे राजाश्रय, ग्रंथपरंपरा आणि वारीचे सातत्य ठेवावे लागेल.

शकुन आणि चर्चची नापसंती

शकुन सर्वांना सारखाच दिसावा आणि अर्थ प्रत्येकाने वेगळा काढावा. २० मार्च ११४० रोजी इंग्लंडमध्ये सूर्य झाकोळला, लोक जेवणाच्या पानावरून उठून बाहेर आले आणि राजा स्टीफन वर्षभर टिकणार नाही असे काही जण म्हणू लागले. २ फेब्रुवारी ११४१ रोजी तो लिंकनला पकडला गेला. ग्रहणांच्या तारखा गणिताने काढता येतात, त्यामुळे त्या खऱ्या नकाशावर खऱ्या दिवशी ठेवाव्यात. परिणाम मात्र त्या क्षणी कोण डळमळीत आहे यावर अवलंबून ठेवावा.

चर्च आणि लोकसमजुती यांना एकाच पारड्यात टाकू नये. तेराव्या शतकात फ्रान्समधील ल्योंजवळच्या खेड्यांत बाळांच्या रक्षणासाठी गिनफोर नावाच्या कुत्र्याला संत मानले जात होते. धर्मोपदेशक एतिएन द बूर्बों याने ते समजताच कुत्र्याची हाडे उकरून जाळायला लावली. स्त्रिया रात्री उडत जातात ही समजूत चर्चचा जुना कायदा भ्रम ठरवत होता. चेटकिणींचा मोठ्या प्रमाणावरील छळ पंधराव्या ते सतराव्या शतकातला आहे, म्हणून ११७० च्या इंग्लंडमध्ये तो दाखवू नये. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना दिव्यांत, म्हणजे दोषी कोण हे ठरवण्यासाठीच्या आगी-पाण्याच्या परीक्षांत, भाग घेण्यास मनाई केली. त्या वर्षानंतर गेममधील दिव्याचा पर्याय हळूहळू बंद व्हावा आणि न्यायासाठी दुसरी सोय शोधण्याची जबाबदारी खेळाडूवर यावी.

एका ठिकाणी मात्र इंजिनाने तटस्थ राहू नये. ११४४ मध्ये नॉरिच येथे विल्यम नावाच्या मुलाचा मृत्यू झाला आणि ज्यूंनी त्याला विधीसाठी मारल्याचा आरोप पुढे कबरीच्या चमत्कारकथांशी जोडला गेला. १२५५ मध्ये लिंकनला अशाच आरोपावरून राजा तिसरा हेन्री याने ज्यूंना फाशी दिले. हे आरोप खोटे होते. गेममध्ये त्यांचा उल्लेख करायचा असेल तर खेळाडूला ते खोटे असल्याचे निःसंदिग्धपणे कळावे, त्यातून तिजोरीला किंवा प्रतिष्ठेला बक्षीस मिळू नये, आणि बळी पडलेल्या माणसांना नावाविना आकड्यांत ढकलले जाऊ नये. तेवढी तयारी नसेल तर हा भाग वगळावा.

चाचणी

रचना उभी राहिली की गेम दीडशे वर्षे संगणकाकडूनच अनेकदा खेळवून पाहावा आणि तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, एकच तीर्थस्थान प्रत्येक वेळी जिंकत असेल तर ख्याती ओसरण्याचा वेग वाढवावा. प्रत्यक्षातही नवे स्थान पुढे येत असे: कँटिलूप यांच्या अस्थी १२८७ मध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्येच नव्या कबरीत हलवल्यानंतर तेथे यात्रेकरूंची रीघ लागली आणि १३२० मध्ये त्यांना संतत्व मिळाले. दुसरी, किती प्रकरणे मान्यतेपर्यंत पोहोचतात हे पाहावे. बहुतेक सर्व पोहोचत असतील तर साक्षीची पायरी फार सैल आहे. तिसरी तपासणी माणसांकडून करून घ्यावी: दोन खेळाडूंना एकच सामना खेळायला द्यावा आणि नंतर स्वतंत्रपणे विचारावे की त्यांच्या राज्यात चमत्कार घडला का. दोघांनी सारखेच उत्तर ठामपणे दिले, तर कोणत्या इव्हेंटच्या मजकुरात निवेदकाने निवाडा देऊन टाकला आहे ते शोधून तो मजकूर पुन्हा लिहावा.